अहवालाचं दुसरं पान

माझ्या भाच्याला आम्ही लहानपणी खटपट्या म्हणायचो. त्याची आई, माझी धाकटी बहीण, तो सहा वर्षांचा असताना गेली आणि तो माझ्याकडे राहायला आला. आल्यावर तिसऱ्याच दिवशी त्यानं माझं गजराचं घड्याळ उघडलं आणि आतली सगळी चाकं ताटात ओळीनं मांडून ठेवली. मी रागावले नाही. मी विमानांच्या कारखान्यात तपासनीस होते, उघडलेल्या यंत्राची मला भीती नव्हती. "आता जसं होतं तसं जोड," एवढंच म्हणाले. संध्याकाळपर्यंत त्यानं जोडलंही. दोन चाकं उरली.

"ही उगाचच घातली होती बघ मावशी," तो म्हणाला. "यांच्याशिवाय चालतंय."

चालत होतं खरं. गजर तेवढा पुन्हा कधी वाजला नाही.

या खटपट्यानं पुढे ड्रोन बनवले, आणि गेल्या वर्षी त्यातल्याच एका ड्रोनमुळे माझ्या नातीवर दोन माणसांच्या मरणाचा ठपका येऊ घातला. ही माझ्या लेकीची लेक, भिंगरी. सैन्यात ड्रोन चालवते. तिच्यावर चौकशी बसली होती. दोषी ठरली असती तर नोकरी गेली असती, ते एक वेळ सोसलं असतं. पण ती दोन माणसं हिच्या हलगर्जीपणानं मेली, हे तिला जन्मभर ऐकावं लागलं असतं. एका बाजूला मामा, एका बाजूला भाची आणि मधे मी. आमच्या वसाहतीत याच्या तीन-तीन कहाण्या फिरतात, म्हणून झालं ते झालं तसं सांगते.

आधी माझं काम सांगायला हवं. मी एकतीस वर्षं विमानाच्या वायरी तपासल्या. एका लढाऊ विमानाच्या पोटात एवढी वायर असते की ती सोडवून पसरली तर गावाला वळसा घालून उरेल. तिचा प्रत्येक जोड बोटांनी ओढून पाहायचा, दाताच्या डॉक्टरांसारखा लहान आरसा घालून मागची बाजू बघायची आणि मग सही करायची. आमच्या शेडमध्ये एक रीत होती. शेवटची सही ज्याची, त्यानं पहिल्या उड्डाणात मागच्या आसनावर बसायचं. नियमाच्या पुस्तकात हे कुठेच नव्हतं. पण आमचे चाचणी वैमानिक, ज्यांना सगळे मिशीवाले म्हणत, ते त्याशिवाय विमानात पाय ठेवत नसत.

"बाई, झाली का सही?" ते शेडच्या दारातून विचारायचे. "मग चला, तुमच्या अक्षराची हवा खाऊन येऊ."

मी बावीस वेळा बसले. अकरा वेळा ओकले. एकदा तर वर गेल्यावर रेडिओच बंद पडला आणि खाली धुकं. मागे बसून माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मिशीवाले मात्र मान वाकडी करून खिडकीतून खाली बघत राहिले, त्यांना कारखान्याचं धुरांडं सापडलं, मग नदी सापडली, मग धावपट्टी. उतरल्यावर म्हणाले, "रेडिओ गेला तर गेला बाई, डोळे कुठे गेलेत." तो बंद रेडिओ माझ्याच सहीचा होता. पुढे आठवडाभर मी त्यांच्याकडे बघितलं नाही. आणि त्यानंतर पुन्हा कधी माझा रेडिओ बंद पडला नाही.

निवृत्त होऊन मला बारा वर्षं झाली असतील, तेव्हा सीमेवर लढाई पेटली. नव्या यंत्रांची तपासणी करायला माणसं पुरेनात, म्हणून चाचणी विभागानं आम्हा जुन्या खोडांना परत बोलावलं. माझ्यासमोर पहिलं यंत्र आलं ते खटपट्याच्या कारखान्याचं. मी विभागप्रमुखांना सांगितलं, हा माझा भाचा आहे, पोटच्या पोरासारखा वाढवलाय. ते म्हणाले, "बाई, लढाईत नाती बघत बसलो तर तपासायला कोण राहील?"

ड्रोन छोटाच होता. दोन्ही हात पसरले तर मावेल एवढे पंख, शेपटीला एक पंखा, पोटाला कॅमेरा. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले तशी खटपट्या म्हणाला, "काय शोधतेस? मागचं आसन? नाहीये यात."

"पुढचंही नाहीये."

"तेच तर. मावशी, तुझी ती लढाऊ विमानं म्हणजे हत्ती पोसणं. एक उडवायला शंभर माणसं राबतात, मैलभर धावपट्टी लागते, आणि त्या धावपट्टीला एक खड्डा पडला की सगळे हत्ती जमिनीवर."

"आवाजाच्या पुढे पळतो तो हत्ती."

"पळतो, आणि इंधन संपलं म्हणून तसाच परत येतो. माझा हा तीन तास एका टेकडीवर घिरट्या घालतो. कंटाळत नाही, घाबरत नाही. पलीकडे कोण कुठे लपलंय ते दाखवतो. पडला तर पडला, उद्या दुसरा. कुणाची आई रडत नाही."

त्याचं खोटं नव्हतं. मी तपासलेली विमानं ज्या वैमानिकांनी नेली त्यांतल्या चौघांच्या आयांना मी रडताना पाहिलंय. मी म्हटलं, "बरं, चल, तुझ्या पाखराचे दात बघू."

पुस्तकात लिहिलेलं काम वेगळं आणि दमलेला माणूस करतो ते काम वेगळं. मी नेहमी दुसरं तपासायची. पुस्तकात होतं, ड्रोन मैदानात नेऊन ठेवावा आणि तिथेच चालू करावा. मी ढकलगाडीवाल्याला म्हटलं, "तू रोज करतोस तसंच कर, मी इथे नाही असं समज." त्यानं बॅटरी बघायला म्हणून शेडमध्येच ड्रोन चालू केला आणि तसाच गाडीवर घालून अर्धा मैल लांब मैदानात नेला. तिथून उडवला. छान उडाला. मग मी सांगितलं, आता रेडिओ बंद करा. शत्रूकडे आपला रेडिओ दाबून टाकणारी यंत्रं असतात, त्यांना जॅमर म्हणतात. तसं झालं की ड्रोननं आपोआप निघालेल्या जागी परतायचं, अशी त्याची रचना होती.

ड्रोन वळला, पण आमच्याकडे आला नाही. सरळ शेडकडे गेला आणि कँटीनच्या छपरावर गोल गोल फिरायला लागला.

"भूक लागली त्याला," ढकलगाडीवाला म्हणाला आणि सगळे हसले. मी हसले नाही. मी खटपट्याला बाजूला घेतलं.

"हा परतीची जागा कुठली धरतो?"

"पहिल्यांदा चालू होतो तिथली. उपग्रहाकडून ठिकाण मिळालं की पक्की करतो."

"आणि कुणी एखाद्या खोलीत चालू करून दुसरीकडे नेला तर?"

"पुस्तकात लिहिलंय ना, नेऊ नये म्हणून."

"तुझं पुस्तक थंडीत उभं राहून कोण वाचणार आहे? त्याला रेडिओ मेल्यावर खिडकीतून बघता येत नाही. शिकवलं तिथेच तो जाणार, आणि मागून कुणी आलं तर त्यालाही तिथेच घेऊन जाणार."

तो गप्प झाला. खटपट्या गप्प झाला की मला त्याच्या बोलण्यापेक्षा जास्त कळतं. त्याला हे आधीच ठाऊक होतं.

मी अहवाल लिहिला. पहिल्या पानावर जे जे ठीक होतं ते. दुसऱ्या पानावर अट: उड्डाणापूर्वी यंत्रानं परतीची जागा चालकाला दाखवावी आणि त्यानं होकार दिल्याशिवाय पंखा फिरू नये, हा बदल होईपर्यंत एकही यंत्र आघाडीवर पाठवू नये. खटपट्या म्हणाला, "एका आठवड्याचं काम आहे मावशी. सही आज दे, म्हणजे कागद तरी पुढे सरकेल." अट पुरी झालेली डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी एकतीस वर्षांत सही केली नव्हती. त्या दिवशी केली, दोन्ही पानांवर. टपालाला चार दिवस लागतात म्हणून मुख्यालयात कागद त्यानंच हातोहात नेले.

पुढच्या हिवाळ्यात भिंगरीची बदली ड्रोनच्या तुकडीत झाली. तिचा फोन आला. "आजी, आमच्या ड्रोनच्या पेटीवर तपासनीस म्हणून तुझं नाव छापलंय. तुकडीत माझा भाव वाढलाय. रेडिओवाला म्हणतो, हिची आजी असताना आपल्याला कसली काळजी."

तो बदल झाला का, एवढंच मला विचारायचं होतं. पण आपल्या माणसानं शब्द दिलाय, त्यावर संशय कसला घ्यायचा. मी विचारलं, "जेवतेस ना वेळेवर?"

आघाडीवर त्यांचा मुक्काम एका बंद पडलेल्या शाळेत होता. कडाक्याच्या थंडीत बॅटरी लवकर मान टाकायच्या. उघड्यावर ड्रोन चालू करायचा म्हणजे तो तयार होईपर्यंत बारा मिनिटं डोक्यावर शत्रूचे डोळे घेऊन उभं राहायचं. म्हणून सगळ्याच तुकड्या ड्रोन आत खिडकीशी चालू करत, गोधडीत गुंडाळून ट्रकमधून तीन-चार मैल पुढे नेत आणि पोचताच उडवत. वरिष्ठांनाही हे माहीत होतं. कुणी कुणाला अडवलं नव्हतं.

त्या सकाळी जॅमर लागला. पडद्यावर नुसत्या मुंग्या. भिंगरीनं आभाळाकडे बघत अर्धा तास वाट पाहिली, ड्रोन आला नाही. तो आला होता, पण शाळेवर. तिथे तो घिरट्या घालत होता आणि त्याच्या मागे उंचावरून आलेला शत्रूचा ड्रोन ते बघत होता. थोड्या वेळानं शाळेवर तोफेचे गोळे पडले. आत रेडिओवाला होता आणि ट्रकवाले काका, जे भिंगरीला सोडून चहा प्यायला परत गेले होते. दोघंही गेले.

महिन्यानं चौकशीची नोटीस आली. ड्रोन मी तपासलेला, म्हणून साक्षीदारांत माझंही नाव होतं, आणि सोबत कारखान्याच्या निवेदनाची प्रत. खाली खटपट्याची सही. मी ते स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. "यंत्रात कोणताही दोष नव्हता. चालकानं सूचनांचं पालन न केल्यानं दुर्घटना घडली. सोबत तपासनिसाचा अहवाल, एक पान."

एक पान. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही.

खटपट्या दुसऱ्या दिवशी आला. चपला काढून आत आला, नेहमीसारखा माझ्या पलंगाच्या कडेला बसला. मी म्हटलं, "दुसरं पान कुठाय?"

"मावशी, ऐक तरी. तो बदल एका आठवड्याचा होता, पण बदल केला की सगळ्या चाचण्या पहिल्यापासून. तीन महिने. त्या तीन महिन्यांत आघाडीवर आपले लोक आंधळे बसले असते. माझे ड्रोन गेले म्हणून किती जण वाचले, ते कुणी मोजलंय का?"

"वाचले असतील. पान कुठाय?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "फाडलं."

"बदल तरी केलास का नंतर?"

"करणार होतो. मग मागणी वाढली."

"आणि भिंगरी? तिच्या बारशाला पाळणा तू जोडला होतास."

"तिला काही होणार नाही. फार तर ताकीद. मी बोलून ठेवलंय. तू फक्त तब्येतीचं कारण सांग आणि जाऊ नकोस. आपलेच दात, आपलेच ओठ मावशी. आणि सही तुझी आहे त्यावर. बुडालो तर एकटा बुडणार नाही मी."

केसानं गळा कापणं हा वाक्प्रचार मी शाळेत लिहिला होता. त्याचा अर्थ मला बाहत्तराव्या वर्षी, माझ्याच पलंगाच्या कडेला बसलेला दिसला. मी त्याला चहा विचारला नाही. तो चपला घालून गेला.

चौकशी एका सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, तीन अधिकारी, मधले चष्मेवाले. डावीकडे भिंगरी गणवेशात, ताठ. उजवीकडे खटपट्या. मी उभी राहिले आणि सांगितलं, अहवाल दोन पानांचा होता, दुसऱ्यावर अट होती.

चष्मेवाले साहेब खटपट्याकडे वळले. "यावर काय म्हणणं आहे?"

तो उठला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, त्या माझ्या मावशी आहेत. मला आईच्या जागी. पण आता वय झालंय. आठवणींची गल्लत होते. जुन्या कारखान्यातलं आणि आत्ताचं एकत्र होतं. परवा गॅसवर दूध ठेवून विसरल्या होत्या."

पलंगाच्या कडेला बसून त्यानं शेगडीवरचे डाग बघितले असावेत. पान फाडलं ते मी समजू शकत होते. घाई माणसाला काहीही करायला लावते. पण हे त्यानं शांतपणे, आदरानं, मला आई म्हणून केलं. माझ्याकडे आता दुसरं काही उरलं नव्हतं, आठवण तेवढी होती. नेमकी तीच त्यानं काढून घ्यायला हात घातला.

"बाई, आपल्याकडे काही पुरावा?" साहेबांनी विचारलं. आवाजात आता मोठ्या माणसाशी बोलतानाचा हळुवारपणा आला होता. तो मला खटपट्याच्या बोलण्याइतकाच झोंबला.

"नाही. घाईत प्रत ठेवली नव्हती. पण लिहून घ्या," मी म्हटलं. "यंत्र क्रमांक शून्य एकवीस. गुरुवार. वारा पश्चिमेचा, बेताचा. रेडिओ अकरा वाजून दहा मिनिटांनी बंद केला. ड्रोननं कँटीनवर सात फेऱ्या मारल्या. ढकलगाडीवाल्याच्या उजव्या हाताला पट्टी होती, आदल्या दिवशी बोट चेमटलं होतं. अट अशी होती." मग ती अट शब्दाला शब्द सांगितली. "अहवाल बाहेर जाताना कारकुनानं जावक वहीत नोंदवला. जावक क्रमांक चारशे अठरा. कारकून प्रत्येक कागदाची पानं मोजून लिहायचा, त्यावरून आम्ही त्याची थट्टा करायचो. ती वही मागवा. एक पान असेल तर मला म्हातारचळ लागलाय असं लिहा आणि पोरीला शिक्षा द्या."

वही यायला दोन तास लागले. खटपट्या पाण्याचा पेला हातात फिरवत बसला होता. साहेबांनी पानं उलटली, बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं: "चारशे अठरा. ड्रोन तपासणी अहवाल. दोन पानं. हस्ते." पुढे खटपट्याचं नाव होतं, त्याच्याच अक्षरात.

मी खाली बसले नाही. "अजून एक लिहून घ्या साहेब. अट पुरी झालेली न बघता मी सही केली. असं करू नये हे मला माहीत होतं. तो माझा होता म्हणून केलं. पुढे वर्षभर मी त्याला एकदाही विचारलं नाही."

"याची नोंद आपल्या विरोधात जाऊ शकते," साहेब म्हणाले.

"जाऊ दे. पण तिच्या विरोधातली काढा."

तिच्या विरोधातली काढली गेली. निकालात आलं की चालकानं सगळ्या तुकड्यांची चालू पद्धत पाळली, दोष लपवल्याची जबाबदारी कारखान्याची, आणि ते सगळे ड्रोन परत बोलवावेत. खटपट्यावर वेगळा खटला चालू आहे. मला तपासणीच्या कामावरून कायमचं कमी केलं, ते योग्यच झालं.

त्या दिवशी चौकशीच्या खोलीतून बाहेर पडताना खटपट्या जिन्यात थांबला होता. "मावशी," एवढंच म्हणाला. मी कठड्याला धरून त्याच्या बाजूनं उतरले. पायऱ्या उंच होत्या आणि सवयीनं त्यानं हात पुढे केला. मी तो धरला नाही.

बस थांब्यावर भिंगरी आणि मी दोघीच होतो. मला वाटलं, आता ती माझ्या गळ्यात पडेल. ती रस्त्याकडे बघत उभी होती.

"आजी, मी फोन केला होता ना तुला, पेटीवर तुझं नाव आहे म्हणून."

"हो."

"तेव्हा तुला ती अट आठवत होती?"

खोटं बोलायची सोय मी स्वतःच त्या खोलीत घालवून आले होते. "शब्दाला शब्द आठवत होती."

"मग मामाला विचारलं का नाहीस? निदान मला तरी सांगायचंस. मी ड्रोन खिडकीशी चालू केला नसता. बारा मिनिटं थंडीत उभी राहिले असते."

"मला वाटलं, आपला माणूस आहे."

"ट्रकवाले काकाही कुणाचे तरी होते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "रेडिओवाला तुझ्या नावावर निर्धास्त झोपायचा."

बस आली. तिनं मला दंडाला धरून वर चढवलं, खिडकीची जागा बघून बसवलं, काच ओढून घेतली आणि वारा लागतोय का ते विचारलं. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. ती पुढे गेली आणि ड्रायव्हरच्या मागच्या आसनावर, माझ्याकडे पाठ करून बसली.